बोरन्हाण करायच्या आधी बालवाडीतल्या ताईंनी घशात अडकण्याचं एवढं तरी शिकून घ्या

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या बालवाड्या-अंगणवाड्यांत बोरन्हाणाची गडबड असते, काळे कपडे, हलव्याचे दागिने, आया मोबाईल घेऊन उभ्या, आणि मुलांच्या डोक्यावरून आपण ओततो काय तर बोरं, चुरमुरे, शेंगदाणे, उसाचे करवे, गोळ्या. खाली बसलेली अडीच-तीन वर्षांची पोरं ते वेचून पटापट तोंडात कोंबतात.

आमच्याकडे अशाच एका बोरन्हाणात एक मुलगा एकदम गप्प बसला. गाणी चालू, टाळ्या चालू, मला वाटलं बुजला असेल. मदतनीस ताईंचं लक्ष गेलं, डोळे मोठे झालेले, तोंड उघडं, आवाज शून्य, ओठ काळपट पडायला लागलेले. कुणी पाणी आणायला पळालं, कुणी तोंडात बोट घालायला निघालं, ताईंनी सगळ्यांना बाजूला केलं, त्याला पुढे वाकवून पाठीत मारलं, तिसऱ्या फटक्याला अर्धा शेंगदाणा बाहेर आला आणि पोरगं रडलं. ते रडणं अजून कानात आहे माझ्या.

म्हणून पहिली गोष्ट ही की मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर हवा जातेय, त्याला खोकू द्या, पाठीत मारू नका, पाणी पाजू नका, फक्त शेजारून हलू नका. आवाज बंद झाला, खोकला येईना, की लगेच कामाला लागायचं. एकीने १०८ लावायचा, दुसरीने मुलाला पुढे वाकवून, एका हाताने छातीला आधार देऊन, पाठीवर खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ फटके द्यायचे, प्रत्येक फटक्यानंतर बघायचं निघालं का. नाही निघालं तर त्याच्या मागे गुडघ्यावर बसा, एका हाताची मूठ बेंबीच्या वर पण बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत-वर असं ५ वेळा ओढा. परत पाठ, परत पोट, निघेपर्यंत किंवा मूल शुद्धीवर आहे तोपर्यंत. शुद्ध गेली तर कडक जमिनीवर झोपवून सीपीआर सुरू करायचा, ३० वेळा छाती दाबायची आणि २ श्वास.

पाळणाघर चालवणाऱ्यांनी लक्षात घ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट अजिबात दाबायचं नाही, हातावर पालथं घेऊन डोकं खाली ठेवून ५ फटके आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ वेळा दाबायचं.

तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू दिसत असेल आणि सहज चिमटीत येत असेल तरच काढा, नाहीतर ती अजून आत जाते. पाय धरून उलटं लटकवायचं नाही, केळं भरवायचं नाही. आणि निघालं तरी पोट दाबलं असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. एखादं मूल ठसकून नंतर बरं दिसतं पण खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज राहतो, त्यालाही दाखवा, दाण्याचा तुकडा श्वासनळीतून खाली जाऊन बसलेला असू शकतो आणि मग सारखा न्यूमोनिया होतो.

आता खाण्याचं. शेंगदाणा बंद करायचा नाही, अख्खा शेंगदाणा बंद करायचा. अंगणवाडीतल्या ३ ते ६ वर्षांच्या मुलाला आहारातून रोज किती कॅलरी आणि प्रथिनं मिळायला हवीत हे ठरलेलं आहे, त्यात दाण्याचा मोठा आधार असतो, म्हणून कूट करून खिचडीत, लाडवात घाला. फुटाण्याऐवजी डाळव्याचं पीठ, गाजर किसून किंवा उकडून, द्राक्षाचे उभे चार तुकडे, बोराची बी काढून, उसळीतला दाणा दोन बोटांत चिरडला जाईल इतका शिजलेला. चिक्की आणि कडक गोळ्या ५ वर्षांच्या आत नकोतच. आणि मुलं बसूनच खाणार, पळताना, हसताना, आडवं पडून नाही.

बोरन्हाण बंद करा असं मी म्हणत नाही, आम्ही आता नुसते चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओततो, वेचलेलं लगेच टोपलीत, आणि नंतर सगळ्यांना पंगतीत बसवून बोटाने फुटणारा मऊ तिळाचा लाडू. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलं गेली की मी आणि मदतनीस ताई मोठ्या बाहुलीवर फटक्यांचा सराव करतो. पोट दाबायचं मात्र जिवंत माणसावर करून बघायचं नाही, बाहुलीवरच.