बेस गिटार घेताय? आधी नेक हातात घ्या, आवाजाचं तारांवर सोडा

माझा पहिला बेस मी विकायलाच काढला होता. घेताना दुकानात जो टणटणीत आवाज होता तो पाच-सहा महिन्यांत गेला, सगळं गादीखाली दाबल्यासारखं यायला लागलं, मला वाटलं स्वस्तातला बेस आहे, पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबक) खराब असणार. विकण्याआधी एकदा दाखवून घेऊ म्हणून दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) लावलासुद्धा नाही, ई (E, सगळ्यात जाड) तारेवरून बोट फिरवलं, बोटाला आलेला काळा थर मला दाखवला आणि म्हणाले, "बाळा, बेस ठीक आहे रे, तारा कधी बदलल्यास?" नव्या तारा टाकल्या, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) थोडी खाली घेतली, तोच बेस अजून माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी जो विचारेल त्याला हेच सांगतो की बेस घेताना तुमच्या हाताला बसेल असा घ्या, आवाजाची निम्मी गोष्ट तारा ठरवतात आणि तारा कधीही बदलता येतात. नेक, म्हणजे डावा हात फिरतो ती लांब दांडी, इतक्या सहज नाही बदलता येत.

म्हणून आधी नेक.

मुंबईत हात लावून बघायला जागा आहेत, १८६५ साली सुरू झालेलं फुर्ताडोज आहे धोबीतलावला, लिंकिंग रोडला भार्गवाज आहे. एक पूर्ण दुपार काढा, शक्यतो वीकडेला, शनिवार-रविवारी दुकानात गर्दी असते आणि कुणीतरी शेजारी फुल आवाजात गिटार वाजवत असतं, त्यात बेसचं काही कळत नाही. आणि ॲम्पला लावायच्या आधी निदान दहा मिनिटं बेस तसाच, कोरडा वाजवा. लाकडावर कान टेकवून ऐका. तार कुठे फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) घासतेय, कुठला सूर लवकर मरतोय, हे सगळं ॲम्पशिवाय जास्त स्पष्ट कळतं.

नेकमध्ये बघायचं काय? पहिलं म्हणजे रुंदी. फेंडरचा प्रिसिजन आला १९५१ मध्ये आणि जाझ बेस १९६० मध्ये, आजही बाजारातले बहुतेक बेस या दोघांचेच भाऊबंद आहेत. प्रिसिजनचा नेक नटपाशी (खुंट्यांजवळची, तारा जिच्या खाचांत बसतात ती पट्टी) साधारण ४१-४२ मिलिमीटर, जाझचा ३८. ऐकायला तीन-चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही पण डावा हात पहिल्या चार फ्रेटमध्ये अर्धा तास फिरवा, मनगट स्वतःच सांगेल. बोटं लहान असतील तर जाझसारखा बारीक नेक बघा, इबानेझचे नेकसुद्धा सडपातळ असतात. आणि शॉर्ट स्केल (तारेची वाजणारी लांबी कमी असलेल्या) बेसला कुणी पोरांचा बेस म्हणत असेल तर अजिबात ऐकू नका, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर ३० इंची स्केलचाच आहे. नेहमीचा बेस ३४ इंची असतो. इबानेझचा मिक्रो तर २८.६ इंचाचा आहे, आठवी-नववीतल्या मुलामुलींसाठी मी तोच सुचवतो, कारण ३४ इंचावर ताणून ताणून हात दुखला की पोरं वाद्यच सोडून देतात, आणि ते बघायला फार वाईट वाटतं.

मग जी (G, सगळ्यात बारीक) तारेवर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर वाजवा आणि पूर्ण वाजू द्या, हात लावू नका. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर मध्येच विझल्यासारखा जातो, त्याला डेड स्पॉट म्हणतात. नेकचं लाकूड त्या सुराची ताकद खाऊन टाकतं. महागड्या बेसमध्येही असतो आणि एकाच मॉडेलच्या दोन बेसमध्ये वेगवेगळा असतो, म्हणून "हाच मॉडेल ऑनलाइन दोन हजाराने स्वस्त आहे" हे मला पटत नाही, तुम्ही जो वाजवून बघितला तोच बॅगेत भरून घ्या. फ्रेटची टोकं तळहाताला टोचतायत का बघा. ई आणि जी या दोन्ही तारा नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, समोरून एक डोळा मिटून बघा. नॉब फिरवताना खरखर येते का ऐका.

वजन! याचा दुकानात कुणी विचार करत नाही. साडेतीन किलोचा बेस आणि साडेचार किलोचा बेस यातला फरक दुकानातल्या स्टुलावर बसून कळत नाही, दादर स्टेशनच्या पुलावर कळतो. पट्टा लावून उभं राहा आणि दोन्ही हात सोडा, हेडस्टॉक (खुंट्या असलेलं नेकचं टोक) जमिनीकडे झुकत असेल तर पूर्ण गिग डावा हात तो नेक उचलण्यातच जाणार. लोकलसाठी जाड गिग बॅग घ्या, हार्ड केस गर्दीत चालत नाही, आणि डब्यात बॅग पाठीवर ठेवू नका, पुढे छातीशी धरा, पाठीवर असली की हेडस्टॉक डोक्याच्या वर येतो आणि दाराच्या पट्टीला आपटतो. जमलं तर सरळ लगेजचा डबा.

पिकअपचं थोडक्यात सांगतो. प्रिसिजनला दोन तुकड्यांचा स्प्लिट पिकअप (१९५७ पासूनचा), आवाज भरीव, मधोमध बसणारा, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतही सापडतो. जाझला दोन सिंगल कॉइल, त्यात मागचा जास्त उघडला की टोकदार, गुणगुणणारा आवाज येतो, पण दोन्ही नॉब सारखे नसतील तर घरघर येते, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये जिथे अर्थिंगची बोंब असते तिथे ती घरघर खूपच जाणवते. स्प्लिटला हा त्रास नाही. पहिला बेस असेल तर प्रिसिजन आणि जाझ दोन्हींचा पिकअप असलेला पीजे घ्या, यामाहा टीआरबीएक्स १७४, इबानेझ जीएसआर २००, स्क्वायरचा ॲफिनिटी प्रिसिजन, तिन्ही पीजे आहेत, तिन्ही हातात घेऊन बघा, त्यातला जो हातातून खाली ठेवावासा वाटत नाही तो घ्या. ॲक्टिव्ह (आतच प्रीॲम्प असलेला) बेस असेल तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते, केबल लावलेली राहिली की ती संपत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा आणि बॅगेत एक जास्तीची ठेवा.

पाच तारांचा घ्यावा का, हे सगळे विचारतात. पाचवी, खालची बी (B) तार साधारण ३१ हर्ट्झची, ई ४१ हर्ट्झची. घरातला छोटा ॲम्प ३१ हर्ट्झ नीट देऊच शकत नाही, तुम्हाला ऐकू येतात ते त्याचे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर). आजची सिनेमाची गाणी, चर्चमधलं वर्शिप, मेटल यात खालचे सूर लागतात, तिथे पाच तारा कामाच्या आहेत. तुम्ही मुख्यतः जुनी मराठी-हिंदी गाणी, ब्लूज, रॉक वाजवणार असाल तर चार पुरे, हातही लवकर बसतो.

आता तारा, माझ्या दृष्टीने खरी मजा इथे आहे.

बेसची तार म्हणजे मध्ये स्टीलचा गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. ती गुंडाळलेली तार गोल असली तर राउंडवाउंड, चपट्या पट्टीसारखी असली तर फ्लॅटवाउंड. एवढ्याच फरकाने एकच बेस दोन वेगळी वाद्यं होतो. राउंडला खाचा असतात म्हणून आवाज चकचकीत, बोट सरकलं की सुर्र असा आवाज, स्लॅपला (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याला) हेच हवं. १९६६ साली रोटोसाउंडने द हू बँडच्या जॉन एन्टविसलबरोबर बसून असा सेट बनवला आणि बेस एकदम पुढे ऐकू यायला लागला. त्याआधी फ्लॅटचंच राज्य होतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमरसन फ्लॅट वापरायचा, आणि तार तुटली तरच बदलायचा असं त्याच्याबद्दल सांगतात. फ्लॅटचा आवाज गोल, मऊ, थोडा डबल बेसच्या जवळचा, सूर "ढुम्" करून लागतो आणि बाजूला होतो. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस नीट हेडफोन लावून ऐका, गाण्याला धक्का न लावता ते गाणं कसं पुढे ढकलतात ते कळेल, आणि तसं काही वाजवायचं असेल तर एकदा तरी फ्लॅट लावून बघाच. आणि मुंबईचीच मोहिनी डे जसं वाजवते तसं स्वच्छ, वेगवान, एकेक सूर सुटा हवा असेल तर राउंड.

राउंडमध्येही निकेल आणि स्टेनलेस स्टील असतात. निकेल मऊ, बोटांना आणि फ्रेटला सौम्य, स्टील जास्त झणझणीत आणि फ्रेट लवकर झिजवणारं. सुरुवातीला डोळे मिटून निकेल. फ्रेटलेस (बिनफ्रेटचा बेस) असेल तर राउंड तारा फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटं टेकतात ती लाकडी पट्टी, खातात (बेसिस्ट जाको पास्टोरियसने त्यासाठी बोर्डवर इपॉक्सीचा थर दिला होता), साध्या लाकडी बोर्डला फ्लॅट किंवा नायलॉन टेपवाउंडच लावा. बाय द वे, तो काळपट फिंगरबोर्ड इंडियन रोझवूडचा असेल तर ते आपलंच शिसवी, सह्याद्रीत वाढणारं, मला ते हाताखाली आलं की उगाच छान वाटतं.

जाडी म्हणजे गेज. पाकिटावर ४५-१०५ लिहिलेलं असतं, म्हणजे जी तार ०.०४५ इंच आणि ई ०.१०५ इंच. हा नेहमीचा मीडियम सेट, चारही तारांचा मिळून ताण ८० किलोच्या आसपास जातो, एवढं ओझं त्या नेकवर चोवीस तास असतं. ४०-१०० हलका, बोटांना सोपा, पण जोरात मारणाऱ्याला बझ (तार फ्रेटला घासून होणारा आवाज) येतो. ड्रॉप डी करून (ई तार डीपर्यंत उतरवून) वाजवत असाल तर ई जाड लागते नाहीतर ती लोंबते. गेज बदललं की ताण बदलतो, नेक हलतो, म्हणून सेटअप परत करावा लागतो, हे लक्षात न घेता लोक "या कंपनीच्या तारा बकवास, बझ करतात" म्हणून मोकळे होतात. शॉर्ट स्केलला शॉर्ट स्केलच्याच तारा घ्या, लांब सेट आणून जाड भागातून कापलात तर खुंटीवर नीट बसत नाही आणि गुंडाळी सुटू शकते.

आणि आपली हवा. घाम, दमटपणा, समुद्राजवळ राहत असाल तर खारा वारा, यात साध्या निकेलच्या तारा मला दोन-तीन महिने ताज्या वाटतात, पावसाळ्यात त्याहून कमी. कोटेड तारा, एलिक्सरसारख्या, जवळपास दुप्पट पैसे घेतात पण इथल्या हवेत त्या दुपटीपेक्षा जास्त टिकतात हा माझा अनुभव, ज्यांच्या हाताला घाम जास्त त्यांनी त्याच घ्याव्यात. बाकीच्यांनी एक जुना सुती कपडा बॅगेत ठेवा आणि वाजवून झालं की प्रत्येक तार चिमटीत धरून वरून आणि खालूनही पुसा, खालची बाजू सगळे विसरतात. पावसातून घरी आलात की बॅगेची चेन लगेच उघडा, ओल्या बॅगेत बेस रात्रभर ठेवू नका. तारा उकळण्याची युक्ती खरी आहे, दहा मिनिटं उकळून पूर्ण कोरड्या केल्या की मळ निघतो आणि थोडे दिवस चमक येते, पण गंजलेल्या तारेला काही फायदा नाही.

लावताना सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला, नेकवरचा ताण राहतो. तार ब्रिजमधून ओढून खुंटीपर्यंत आणा, खुंटीच्या पुढे साधारण दहा-बारा सेंटिमीटर सोडा, तिथे आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा, न वाकवता कापली तर काही तारांची गुंडाळी आतून सैल होते आणि तार नवी असूनही मेलेली वाजते. टोक खुंटीच्या भोकात खाली घाला, दोन ते तीन वेढे, वरून खाली उतरत जाणारे. ट्यून करा, हलकेच ओढा, परत ट्यून करा, असं तीन-चार वेळा.

मग रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून ठेवा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली बघा, साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवायची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, फट नसेल तर उलटा पाव फेरा, आणि थांबा. अडला तर जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. जून आणि डिसेंबरमध्ये नेक सारखा राहत नाही, म्हणून वर्षातून दोनदा तरी हे बघायचंच. बाराव्या फ्रेटवर ई तार साधारण अडीच मिलिमीटर उंच ठेवा, जी थोडी कमी. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर मिळवून बघा, दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरता येत असेल तर पुढे.

रात्रभर बेस तसाच ठेवा, सकाळी परत ट्यून करून रिलीफ बघा. आणि काढलेला जुना सेट फेकू नका, पुसून गुंडाळून बॅगेच्या खिशात ठेवा, शिवाजी मंदिरला नाटकाच्या दुसऱ्या अंकात जी (G) तार तुटली की बाहेर कुठलंही दुकान उघडं नसतं.