जमेला शुगर, नावेला टीबी: एका दिवाणजीची वही

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मी दिवाणजी आहे. गाळ्यात दिवसभर मिरचीची पोती उघडतात, त्यामुळे खोकणाऱ्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. मीही माझ्या खोकल्याकडे महिनाभर बघितलं नाही. शुगर 11 वर्षांची. वजन 5 किलो उतरलं तेव्हा बायकोला सांगितलं, भात सोडल्याचा परिणाम. भात मी फक्त घरी सोडला होता.

मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. शुगर चढी राहिली की जंतूंना अडवणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. उलट टीबी अंगात शिरला की त्याच्या तापाने शुगर आणखी चढते. थकवा, उतरणारं वजन, दोन्हींत सारखंच. म्हणून खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, रात्री उशी घामाने भिजली, किंवा जेवण आणि गोळ्या त्याच असताना शुगर उगाच चढायला लागली, तर थुंकी तपासून घ्या. मिरचीचा ठसका रविवारी घरी बसल्यावर थांबतो. माझा थांबत नव्हता, हे मला चौथ्या रविवारी सुचलं.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे बघून न्यूमोनिया म्हणाले आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. टीबीचा डाग बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, पण शुगरवाल्यांत तो खालीही दिसतो, आणि तिथेच फसगत होते. ज्या औषधाच्या नावाचा शेवट ‘फ्लॉक्सासिन’ने होतो, त्याने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं. मला आठ दिवस बरं वाटलं होतं, ते त्यामुळेच असावं. तेव्हा एक्स-रेवर थांबू नका. सरकारी टीबी केंद्रात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) फुकट होते, आणि त्यात रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळतं. माझा पहिला नमुना परत आला. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, “काका, ही लाळ आहे. बेडका आणा.” सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, मोकळ्या हवेत लोकांपासून लांब उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि पोटातून खोकायचं.

निदान झाल्यावर निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद होते. खासगी डॉक्टरकडे असाल तरी नोंद करायला लावा, ती बंधनकारक आहे. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते). काही अडलं तर टीबीची हेल्पलाईन 1800-11-6666.

आता वही. गाळ्यातल्या जुन्या रोजमेळासारखं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीसारखं, पान मधोमध दुमडलं. एक बाजू जमेची, दुसरी नावेची. जमेला शुगर: उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची, आणि कोणती गोळी किती वाजता. नावेला टीबी: किती गोळ्या गिळल्या, वजन, भूक, पाय, डोळे. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. सगळ्या गोळ्या सकाळी सातला एकदम घेतल्या. टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात, पण त्यांच्याबरोबर ग्लिमेपिराईड ही शुगर उतरवणारी गोळीही गेली आणि नाश्ता राहिला. कोपरखैरणे स्टेशनच्या फलाटावर शुगर फार उतरली, हातपाय थरथरायला लागले, शर्ट घामाने ओला. एका पोराने साखरेचा चहा आणून पाजला. तेव्हापासून टीबीच्या गोळ्या सहाला, नाश्ता सातला आणि शुगरची गोळी नाश्त्याच्या ताटावर. खिशात ग्लुकोजची पुडी कायम.

तिसऱ्या आठवड्यात गाडी उलटी फिरली. उपाशीपोटी 130 असायची ती 210 झाली. मी बायकोवर संशय घेतला, तिने माझ्यावर. दोष रिफाम्पिसिनचा होता. ते यकृताला भराभर काम करायला लावतं, आणि यकृत ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या लवकर संपवून टाकतं. गोळी पोटात जाते, पण पुरत नाही. अशा वेळी आपल्या मनाने दीड गोळी करू नका. मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी तशीच ठेवून डॉक्टरांनी ग्लिमेपिराईड बंद केली आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. सुईची भीती तीन दिवसांत गेली, लाज मात्र महिनाभर टिकली. शुगरचे डॉक्टर आणि टीबीचं केंद्र एकमेकांना फोन करत नाहीत. वही दोघांच्या टेबलावर उघडी ठेवायची आणि किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट तिला पिन करायचा, कारण काही औषधांचा डोस त्यावर ठरतो.

पायाच्या मुंग्या शुगरनेही येतात आणि आयसोनियाझिड या टीबीच्या औषधानेही. केंद्रातून बी-6ची गोळी मिळते, ती ‘नुसतं व्हिटॅमिन’ म्हणून डब्यात टाकून ठेवू नका. डोळ्यांना जपायचं ते एथॅम्ब्युटॉल या टीबीच्या औषधापासून. त्याने कधी कधी लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. शुगरने पडदा आधीच थकलेला असेल तर सुरुवातीलाच डोळे तपासून घ्या. माझी रोजची परीक्षा गाळ्यातच व्हायची: एका तळहातावर ब्याडगी मिरची, दुसऱ्यावर हिरवी वेलची. आधी उजवा डोळा झाकायचा, मग डावा. शेठ म्हणायचे, दिवाणजी माल बघतायत का भविष्य? रंग फिका वाटला असता तर त्याच दिवशी केंद्रात जायचं ठरलेलं होतं. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तरीही तेच करायचं. लघवी केशरी होते, त्याला मात्र घाबरू नका, रिफाम्पिसिन आपला रंग सोडतं.

खाण्यात सगळ्यात मोठा त्रास पाहुण्यांचा. टीबी म्हणजे अंग भरलं पाहिजे, म्हणून डिंकाचे लाडू, खजूर, शिरा. शेजारच्या काकूंनी तर आंब्याची पेटीच पाठवली. अंग भरायचं ते प्रथिनांनी: अंडी, मटकी, चणे, सुकट, दही. भाकरी मोजून. लाडू मी परत पाठवले नाहीत, माथाडी मित्रांना वाटले.

घरातल्यांना विसरू नका. बायकोची आणि नातवाची तपासणी झाली, दोघांना टीबी नव्हता, म्हणून त्यांना टीबी होऊ नये यासाठीची प्रतिबंधक औषधं मिळाली. बायकोलाही शुगर निघाली, तेव्हा तिचीही वही सुरू झाली. मी पहिले काही आठवडे मास्क लावून खिडकीजवळ झोपलो. पावसात खिडकी उघडी ठेवण्यावरून रोज भांडण व्हायचं.

शेवटची गोळी झाल्यावर पेढे वाटायच्या आधी एक करा. रिफाम्पिसिन थांबल्यावर दोनेक आठवड्यांत यकृत मूळच्या चालीवर येतं, आणि शुगरच्या औषधाचा वाढवलेला डोस भारी पडतो. माझी सकाळची शुगर अकराव्या दिवशी 71 आली. वही घेऊन गेलो, इन्सुलिन 14 युनिटवरून 10 वर आलं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी थुंकी तपासायला बोलावलंय, त्या तारखा जीएसटीच्या तारखांशेजारी लाल शाईत लिहून ठेवल्यात.