बातमी आणि घरखर्च यांची सांगड घालणारी रोजनिशी कशी लिहावी

देशातील घडामोडींवर मनातले लिहायचे असेल, तर सगळ्याच बातम्यांच्या मागे न लागता, जिची झळ आपल्या घराला बसली आहे अशी एकच बातमी निवडावी. कांद्याचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ च्या आरंभी, टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्याची अट घालून, ती उठवली. प्रथम असा निर्णय तारखेसह कोरडेपणाने नोंदवावा. मत त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात.

मग त्या दिवशी आपण भाजीवाल्याला किलोमागे काय दिले ते लिहावे. लासलगावच्या बाजार समितीतील भाव क्विंटलमागे सांगितले जातात, म्हणून त्यांना शंभराने भागल्याशिवाय तुलना करू नये. (भागाकार न करताच संतापून लिहिलेली माझी दोन पाने अजून वहीत आहेत.) या दोन आकड्यांमधील अंतरात हमाली, वाहतूक, सडलेला माल आणि मधल्या प्रत्येकाचा नफा दडलेला असतो, आणि लिहिण्याजोगे बहुतेक सारे तिथेच सापडते. ज्या भावाने आपल्याला दिलासा मिळतो, त्याच भावात नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याचा उत्पादनखर्चही कित्येकदा निघत नाही, हे एकाच पानावर मांडता आले, तर लेखन निव्वळ तक्रार राहत नाही.

दरमहा १२ तारखेच्या सुमारास जाहीर होणारा किरकोळ महागाईचा दर समासात टिपावा. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा वाचावे. चुकलेला अंदाज मात्र खोडू नये, त्याखाली नवी तारीख घालून दुरुस्ती लिहावी.