सुट्टीवरून परतलेल्या घोड्यावर पैसे लावण्याआधी

पुण्याचा घोड्यांच्या शर्यतींचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो तेव्हा रेसबुकातला (त्या दिवसाच्या शर्यतींच्या पुस्तिकेतला) जवळजवळ प्रत्येक घोडा सुट्टीवरूनच आलेला असतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा सीझन एप्रिलच्या आसपास संपतो, पुण्याचा जुलै-ऑगस्टमध्ये उघडतो. मधले तीनेक महिने सगळ्यांनाच सारखे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात 'इतक्या दिवसांनी पळतोय' म्हणून कुणाला खोडू नका. शोधायचा तो घोडा, जो बाकीचे पळत असताना तबेल्यात उभा होता. डिसेंबरात एकदा दिसला, मग फेब्रुवारीत डर्बीच्या सुमारासही नाही आणि मार्चातही नाही, अशाच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करा.

खूण केलेल्या प्रत्येकाची शेवटची शर्यत काढून बघा आणि त्या दिवसाचा स्टुअर्ड्सचा, म्हणजे शर्यतीच्या पंचांचा, रिपोर्ट वाचा. लंगडला, नाकातून रक्त आलं, असं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. सगळी कारणं सारखी नसतात. खोकल्यातून किंवा खच्ची केल्यानंतर घोडा काही आठवड्यांत सावरतो, आणि खच्ची केलेला कधीकधी आधीपेक्षा शांत डोक्याने पळतो. पुढच्या पायाच्या टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं) मात्र वेगळं. ते भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं आणि पुन्हा दुखावण्याची भीती त्यानंतरही राहते. वर्षभराने परतलेल्या, पुढच्या पायांना बँडेज बांधलेल्या घोड्यावर मी पैसे लावत नाही, भाव कितीही चांगला असो. तो धडधाकट पळून परत यावा, एवढंच त्या दिवशी वाटतं.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो सकाळच्या कामांना. वर्तमानपत्रात येणारे ट्रॅकवर्कचे, म्हणजे या सकाळच्या सरावाचे, आकडे किमान सहा-आठ आठवडे कापून ठेवा. ६०० मीटर ४० सेकंदांत हे रोजचं काम झालं. एकाच सकाळी त्याहून दोन-तीन सेकंद कमी लागले म्हणून हुरळून जाऊ नये. बघायची ती चढण: आधी ६००, मग ८००, मग १००० मीटर, मध्ये मोठा खंड नाही, आणि शेवटी एखादी मॉक रेस, म्हणजे सरावाची शर्यत. घोड्याचा दम लवकर परत येतो, हाडं आणि टेंडन सावकाश कणखर होतात, म्हणून समजदार ट्रेनर ही शिडी टाळत नाही. वेळेच्या शेजारचा शेराही वाचा. मोकळा पळाला की जॉकीला ढकलावं लागलं, यात मोठा फरक आहे. सोबत कोणता घोडा पळाला आणि तो किती ताकदीचा, हेही ताडून पाहा.

अंतराचं थोडक्यात: १००० किंवा १२०० मीटरचा घोडा ताजातवाना येऊन पहिल्याच दिवशी जिंकू शकतो. २००० मीटरवाला १४०० मध्ये उतरवला असेल, तर तो बहुधा तयारीसाठी पळतोय. त्याच ट्रेनरचे घोडे मागच्या सीझनमध्ये सुट्टीनंतर पहिल्या शर्यतीत कसे पळाले, ते जुन्या रेसबुकांतून काढून ठेवा. इतका उपयोगी कागद दुसरा नाही.

शर्यतीच्या सकाळी पेनिट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग पाहा. पावसाने ट्रॅक जड झाला असेल, तर अर्धवट तयार घोडा शेवटच्या २०० मीटरांत मागे पडतो.

मग पॅडॉक, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात ती जागा. तिथे लवकर पोचा. अंगावर तुकतुकी आहे का, पोट सुटलंय का, पुठ्ठे भरलेत का, मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आलाय का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैजेच्या खिडकीकडे जाऊ नका. तीन वर्षांचा असताना गेलेला घोडा चार वर्षांचा होऊन येतो तेव्हा तो भरलेला दिसायलाच हवा. झापडं नव्याने लावलीत का, तेही टिपून घ्या.

रक्कम घरूनच ठरवून निघा. सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीच्या पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो जिंकलेल्या रकमेवर नव्हे, लावलेल्या रकमेवर मोजला जातो. इतका बोजा असताना 'बघू या काय होतं' म्हणून लावलेली पैज परवडत नाही. खूण केलेल्यांपैकी बहुतेकांची पहिली शर्यत मी दुर्बिणीतूनच बघतो. शेवटच्या वळणावर कुठे होता, कुठे दम संपला, जॉकीने हात थांबवले का, हे लिहून ठेवतो. पुढची शर्यत तीन-चार आठवड्यांनी आणि थोड्या लांब अंतराची निघाली, तर त्या वेळी पाकीट काढायचं. पहिल्याच दिवशी जीव तोडून जिंकलेला घोडा आठवड्या-दोन आठवड्यांतच पुन्हा उतरला, तर त्याला फेव्हरेटच्या (सगळ्यात जास्त पसंती असलेल्या घोड्याच्या) कमी भावात घेऊ नका.