मोटरहोमचा हायड्रॉलिक जॅक गळतोय? आधी गळती शोधा, मग सील सोलापुरातच बदला

मोटरहोम म्हणा नाहीतर कॅरावान, आपल्याकडे बघणारे सगळे तिला व्हॅनिटीच म्हणतात, तर तिच्या खाली फरशीवर लाल ऑइलचा डाग दिसला की मालकाच्या डोक्यात पहिलं हेच येतं की झालं, आता अख्खा जॅक बाहेरून मागवा आणि तोपर्यंत गाडी उभी. बहुतेक वेळा तसं काही नसतं. उभी गाडी लेव्हल, म्हणजे सपाट, करणारा जॅक आतून बघितला तर मुरूम टाकायच्या डंपिंग ट्रॉलीच्या जॅकचाच भाऊ आहे, एक नळकांडं, क्रोमचा रॉड आणि तोंडाशी ऑइल अडवणारे दोन-तीन सील. आणि ट्रॉलीचे जॅक उघडणारी माणसं सोलापुरात काय कमी आहेत का. फक्त एक आहे, गळती नक्की कुठून आहे ते तुम्ही शोधून न्यायचं, नाहीतर मेकॅनिक तुम्ही बोट दाखवाल तेच उघडणार आणि चांगला जॅक उगाच खोलला जाणार.

सिस्टीम थोडक्यात अशी असते. बारा व्होल्टच्या मोटरवर पंप, त्याला चिकटून ऑइलची टाकी, मग एक लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक ज्याच्यावर प्रत्येक जॅकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा), तिथून होज पाईप आणि शेवटी तीन किंवा चार जॅक. जॅक वर ओढून घ्यायला काही गाड्यांत बाहेरून जाड स्प्रिंगा असतात, काहींत तेही काम ऑइलच करतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी वाकून बघा कारण स्प्रिंगवाला जॅक असेल तर त्या स्प्रिंगा घरी काढायच्या भानगडीत पडू नका, जॅक पूर्ण वर असला तरी त्यांच्यात ताण असतोच, सुटली तर बोटं जातील.

आता खाली घुसायच्या आधी. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. सगळे जॅक वर घ्या, गाडी चाकांवर येऊ द्या, चाकांना पुढून मागून ठोकळे लावा, आणि उंची पाहिजेच असेल तर चेसीखाली वजनाला पुरतील असे स्टँड नाहीतर जाड लाकडी ठोकळ्यांची चौकट रचा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते न सांगता एकदम फुटतात. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा म्हणजे घरातलं पोरगं वर बसून बटण दाबणार नाही. दुसरं, या पाईपात २००० ते ३००० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) प्रेशर सहज असतं, ट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे असतं म्हणजे विचार करा. पाईपला सुईएवढं भोक पडलं असेल तर त्यातून सुटलेलं ऑइल कातडीतून आत घुसतं. त्यामुळे हात फिरवून गळती शोधायची नाही, पुठ्ठा धरायचा. आणि कधी असं झालंच तर बाहेरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, तरी लगेच हॉस्पिटल, आणि तिथे हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं, कारण त्याला ऑपरेशन लागू शकतं.

डाग नक्की जॅकच्याच ऑइलचा आहे का ते पण बघा. बऱ्याच लेव्हलिंग सिस्टीममध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल असतं, लाल रंगाचं, पातळ. पण पॉवर स्टिअरिंगमध्ये पण बऱ्याचदा तेच असतं, त्यामुळे लाल दिसलं म्हणजे जॅकच असं नाही. काळपट असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्स, आणि नुसतं पाणी असेल तर एसी, ते सोडून द्या.

एक फुकटातली गोष्ट आधी तपासा. टाकीतली ऑइलची लेव्हल कायम सगळे जॅक पूर्ण वर असताना बघायची. कोणीतरी जॅक खाली असताना टाकी काठोकाठ भरलेली असते, मग जॅक वर घेतले की त्यातलं ऑइल परत टाकीत येतं आणि झाकणातून ओसंडून चेसीवर सांडतं, आणि आपण म्हणतो पंप लीक झाला. तसं असेल तर जास्तीचं ऑइल काढा, पुसा, विषय संपला.

तसं नसेल तर खरं काम म्हणजे धुणं, आणि इथेच लोक आळस करतात. ऑइल चेसीच्या पट्टीवरून, पाईपवरून ओघळत जातं, गाडी पळाली की वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असं समजू नका, चार-पाच फूट पुढे पण असू शकते. पंप, ब्लॉक, सगळे जोड, जॅक, सगळं डिग्रीझरने धुवा (पेट्रोलने नको, वर बारा व्होल्टची मोटर आहे, एक ठिणगी पुरे), कोरडं होऊ द्या आणि मग सरळ अंगाला लावायची टाल्कम पावडर जोडांवर आणि पाईपवर भुरभुरवा. खाली पुठ्ठे पसरा, बॅटरी जोडा, दोन-तीनदा जॅक खाली-वर करा, लांबून बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते ती जागा पकडा, खडूने खूण करा, मोबाईलवर फोटो काढा.

आता जागेप्रमाणे उपाय. जोडावर ओलं असेल तर सोपं. प्रेशर नाही याची खात्री करून, म्हणजे जॅक पूर्ण वर आणि बॅटरी काढलेली, दोन पाने घ्या, एकाने मागचं निपल (ज्याच्या आट्यांवर नट बसतो तो तुकडा) धरा दुसऱ्याने नट फिरवा, एकाच पान्याने केलं की पाईप पिळतो. कोनावर बसणारा नट असेल तर तो नट कोनावरच सील होतो, आट्यांवर नाही, त्यामुळे त्याला टेफ्लॉन टेप लावायची नाही. ही टेप गुंडाळायची सवय आपल्याला नळामुळे लागलीये आणि तिचे तुकडे सुटून सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये अडकतात. ओरिंगचा, म्हणजे रबरी कडीचा, जोड असेल तर कितीही आवळला तरी फाटलेली ओरिंग सील करणार नाही, ओरिंग बदला. आणि इम्पोर्टेड किटवर अमेरिकन आटे असू शकतात, आपल्या दुकानात बीएसपीचं (ब्रिटिश आट्यांचं) फिटिंग जास्त मिळतं, दोन्हीवर पाव इंची लिहिलं असलं तरी एकमेकांत बसत नाही. पाव इंची होजच्या जेआयसी (अमेरिकन, कोनावर बसणाऱ्या) निपलच्या आट्यांचं बाहेरचं माप ११ मिमीच्या आसपास, पाव इंची बीएसपीचं १३ च्या पुढे. जबरदस्तीने दोन आटे बसले म्हणून पुढे जाऊ नका, जुना तुकडा हातात घेऊन दुकानात जा.

होज पाईप फुगलेला, तडकलेला किंवा क्रिम्पपाशी, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवलंय तिथे, घामेजलेला असेल तर त्याला क्लिप लावून काही होत नाही, नवा बनवून घ्या. ऊस हार्वेस्टर आणि जेसीबीमुळे आपल्याकडे होज क्रिम्पिंगची दुकानं आहेत, जुना पाईप नेला की त्याच लांबीचा करून देतात. आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेला, म्हणजे दोन तारांचा पाव इंची पाईप मागा, तो ४०० बारला (साधारण ५८०० पीएसआय) असतो म्हणजे इथे पुष्कळ झाला. सायलेन्सरजवळून जात असेल तर वर स्लीव्ह चढवून घ्या.

रॉडवरून ओघळ येत असेल तर सील गेलंय. पण आधी रॉड पूर्ण बाहेर काढून पुसा आणि नख फिरवा. नख कुठे अडकलं नाही तर नुसतं सील किट, अडकलं तर नवीन सील पण तोच ओरखडा कापत राहणार, मग बारीक असेल तर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ऑइल लावून गोल घासायचं, खोल असेल तर हार्ड क्रोम, म्हणजे रॉडवर नवा क्रोमचा थर, करून घ्यायचं. जॅक काढून अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीकडच्या हायड्रॉलिकवाल्याकडे न्या, पहिल्यांदा बघून तो म्हणेल "मालक, हे तर ट्रॉलीचंच हाय की", आणि बरोबरच आहे त्याचं. दिवाळीच्या पुढेमागे, गाळप सुरू व्हायच्या तोंडावर नेऊ नका, तेव्हा त्याला तुमच्या सहलीचं काही पडलेलं नसतं. माप जुन्या सीलवरून घेऊ देऊ नका, ते फुगलेलं असतं, व्हर्निअरने रॉड आणि सीलची खाच मोजायला सांगा. बसवताना यू सीलचं (यू आकाराच्या मुख्य सीलचं) उघडं तोंड ऑइलकडे आणि वायपरची (धूळ पुसणाऱ्या बाहेरच्या सीलची) धार बाहेर, हे समोर उभं राहून बघा.

आणखी एक, पुसायला काय वापरता. सोलापुरात टॉवेलचं वेस्ट पोत्याने मिळतं पण त्याचे तंतू सुटतात, बाहेरून धुवायला मस्त, जॅकच्या किंवा व्हॉल्व्हच्या आत मात्र अजिबात नको. आतून जुनं धुतलेलं पातळ धोतर नाहीतर बनियनचं वेस्ट.

थेंब कुठेच नाही पण जॅक आपोआप बसतोय, ही वेगळी केस. यात ऑइल आतल्या आत टाकीत परत जातंय. ब्लॉकवर हाताने जॅक सोडायचे स्क्रू असतात, ते अर्धवट उघडे राहिलेत का बघा, बऱ्याचदा इथेच मिटतं. नाहीतर एका जॅकचा व्हॉल्व्ह काढून दुसऱ्याच्या जागी बसवा, सारखेच असतील तर. दोष दुसऱ्या जॅककडे गेला तर व्हॉल्व्ह, नाही गेला तर जॅकचा पिस्टन सील. व्हॉल्व्ह आधी स्वच्छ ऑइलमध्ये धुऊन बघा, एक कण अडकलेला असतो.

ऑइल भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकून पण नाही, त्याने काळी नायट्राइल रबरं फुगतात आणि सगळी सिस्टीम खोलावी लागते. भरून झाल्यावर जॅक पूर्ण खाली पूर्ण वर असं चार-पाच वेळा करा, हवा निघून जाते, फेस बसल्यावर परत लेव्हल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

आपल्या काळ्या रानात गाडी लावत असाल तर जॅकच्या पायाखाली मोठी जाड फळी हवीच. पाय एका बाजूला रुतला की रॉडवर तिरका लोड येतो आणि नवीन सील एका बाजूनेच झिजतं.

शेवटी टेस्ट. संध्याकाळी गाडी पक्क्या जमिनीवर जॅकवर घ्या, रॉडवर मार्करने रेघ मारा, सकाळी उजाडताना मोजा. थोडा फरक पडणारच, ऑइल दर डिग्रीला साधारण ०.०७ टक्के आकसतं, मे महिन्यात दिवसा ४२ आणि पहाटे २६ असेल तर ४० सेंटिमीटर बाहेर आलेल्या जॅकला साडेचार मिलिमीटर सहज जातात. तेवढ्याला गळती म्हणू नका. एखादाच जॅक बोटभर बसलाय आणि बाकीचे जागेवर आहेत असं दिसलं तर परत त्याच्या व्हॉल्व्हकडे जा.