गिटारचं खोकं: एक स्पीकर, थोडा प्लाय आणि बाबांचा गुण्या

गेल्या वर्षी मी गिटारसाठी १५ वॅटचा एक जुना व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) घेतला. नुसतं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला ॲम्प. तयार वन बाय ट्वेल्व्ह कॅबिनेटची, म्हणजे एका १२ इंची स्पीकरच्या खोक्याची, किंमत विचारली तर ती हेडपेक्षा जास्त निघाली. आणि व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय वाजवायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. त्यामुळे तीन आठवडे ते हेड कपाटावर धूळ खात बसलं. शेवटी बाबा म्हणाले, "खोकंच आहे ना? मग ठोकू आपणच."

ठोकलं. पण आधी स्पीकरचं सांगते, कारण पैसे वाचवायची जागा ती नाही. मी पहिल्यांदा तिथेच वाचवले. मंडपवाल्या ओळखीच्या काकांकडे १२ इंची वूफर पडून होता, तो लावला. गिटार गोधडीखालून वाजतेय असं वाटायचं. त्या वूफरचा कोन (पुढचा थरथरणारा पडदा) जड, त्याचा जन्म ढोल-बास हलवण्यासाठी. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका, कागदी. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो हातच वर करतो, आणि तेच आपल्याला हवं असतं. म्हणून ट्वीटरही (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) लावू नका. डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावलंत की कानाशी माश्या घोंघावल्यासारखं ऐकू येतं. गाडीचा सबवूफर तर नकोच.

बंद पडलेल्या काँबो ॲम्पमधला (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) गिटार स्पीकर स्वस्तात मिळतो. मला तसाच मिळाला, ८ ओहम, ६० वॅटचा. घेताना मल्टिमीटर लावा: ८ ओहमचा चांगला स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ ओहमचा ११ ते १३. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर पसरून हळूच आत दाबा. खरखर आली तर सोडून द्या. वॅटचा आकडा ॲम्पपेक्षा बराच मोठा हवा, कारण व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण पिळला की पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त देतो. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटला किती मोठा आवाज त्याचा, आकडाही बघा. ९७ आणि १०० डेसिबलमधला फरक किरकोळ दिसतो, पण ३ डेसिबल म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर कमीवालाच घ्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू हे वाचत असतील तर त्यांना पटेल.

आता लाकूड. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये १८ मिमी प्लायचे कटपीस मिळतात. पार्टिकल बोर्ड नको, त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही. आपल्याला जेमतेम ९ चौरस फूट लागतो. ८ बाय ४ च्या अख्ख्या शीटमध्ये तीन खोकी निघतात, म्हणजे बँडमधल्या दोघांना पटवलंत तर आणखी स्वस्त. तुकडे दुकानातच मशीनवर कापून घ्या, घरच्या करवतीने ती सरळ रेघ येत नाही.

माझी मापं: वरची-खालची फळी ५१० बाय २७० मिमी, दोन. बाजूच्या ४२४ बाय २७०, दोन. स्पीकरची पुढची फळी ४७२ बाय ४२२, चारही बाजूंनी १ मिमी सैल. पाठीला ४७४ बाय १४० च्या दोन पट्ट्या, एक वर, एक खाली, मध्ये साधारण १४४ मिमीची फट. म्हणजे पाठ अर्धवट उघडी. फेंडर कंपनीचे बरेचसे काँबो असेच उघड्या पाठीचे. मार्शलचं ते प्रसिद्ध चार स्पीकरवालं कॅबिनेट मात्र बंद. बंद खोक्याचा बास घट्ट आणि आवाज बाणासारखा समोर. उघड्याचा आवाज खोलीभर पसरतो, बास थोडा हलका. मी उघडं निवडलं ते चवीसाठी, आणि खरं सांगायचं तर त्यात मापाची चूक खपते म्हणूनही.

जोड साधाच, कडेला कड. फेविकॉल आणि दर तीन इंचांवर ४० मिमीचा स्क्रू. प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडाच, नाहीतर प्लायचे थर फुटतात. मोठे शिकंजे आमच्याकडे नव्हते. बाबांनी सायकलची जुनी ट्यूब कापून चौकटीभोवती ताणून बांधली, शिकंज्याइतकीच घट्ट बसली. मी स्क्रू पिळायला निघाले तर म्हणाले, "आधी गुण्या लाव." काटकोन तपासायचा तो गुण्या लावला, एक कोपरा चांगलाच बाहेर होता. गुण्या नसेल तर दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ६८७ मिमीच्या आसपास आणि एकमेकांइतके हवेत. मग रात्रभर हात लावायचा नाही.

पुढची फळी कडेपासून थोडी आत बसते. तिच्यामागे २० मिमीच्या चौकोनी पट्ट्या चारही बाजूंनी चिकटवून स्क्रू करा. फळी त्यांच्यावर स्क्रूनेच बसवा, फेविकॉल नको, उद्या काढावी लागेल. भोकासाठी खिळा, सुतळी आणि पेन्सिल पुरते. १२ इंची स्पीकरला साधारण २८३ मिमी व्यासाचं भोक लागतं, पण आपला स्पीकर मोजूनच कापा. जिगसॉ (गोल कापता येणारी बारीक पात्याची मशीन-करवत) एका दिवसासाठी भाड्याने आणा.

वायरिंग पाच मिनिटांचं. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पाव इंची मोनो जॅक आणि १.५ चौरस मिमीची दोन तारांची वायर. जॅकचं टोक स्पीकरच्या प्लसला, बाहेरचा भाग मायनसला. ॲम्प ते खोकं गिटारची शील्डवाली केबल वापरू नका, ती या कामाची नाही, तापते. ८ ओहमचा स्पीकर ॲम्पच्या ८ च्याच सॉकेटला लावायचा. दोन स्पीकर लावणार असाल तर ८-८ चे पॅरललमध्ये ४ होतात, सिरीजमध्ये १६. दोन्हींचे कोन एकाच वेळी एकाच दिशेला हलायला हवेत: १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लागला की कोन बाहेर येतो.

वरून सीटकव्हरवाल्याकडचं काळं रेक्झिन आणि त्याचंच पिवळं रबरी सोल्यूशन. खिडक्या उघड्या ठेवा, वास डोक्यात जातो. जाळीला मी धुतलेलं गोणपाट लावलं. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, आरपार गेली तर चालेल.

आणि मग पहिल्याच संध्याकाळी मोकळी ए तार वाजवली की झर्रर्र. फक्त तीच, ११० हर्ट्झ. बाकी सगळं स्वच्छ. दोन दिवस मी स्पीकरला शिव्या दिल्या. असं झालं तर एकाने तोच स्वर वाजवत राहायचं आणि दुसऱ्याने एकेका फळीवर तळहात दाबायचा. कुठे हात ठेवल्यावर गप्प होतं ते बघायचं. बाबांचा हात पाठीच्या खालच्या पट्टीवर गेला आणि झरझर थांबली. तिथे मी दोनच स्क्रू मारले होते. सहा केले, मध्ये फोमची पट्टी घातली.

स्पीकरचे नट मात्र समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने पिळलेत तर फ्रेम वाकते आणि कॉइल घासायला लागते. महिन्याभराने पाना घेऊन पुन्हा एकदा बघा, माझे चारपैकी दोन सैल झाले होते.