घरी फळांची कुल्फी, कँडी, आइस्क्रीम करताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की मला फोन सुरू होतात. भाच्या, शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुली, मावसबहिणीची सून, सगळ्यांचं एकच, कुल्फी दगड झाली, कँडीत नुसता बर्फ लागतोय. मी विचारते साखर किती घातलीस, तर उत्तर ठरलेलं, "घातलीच नाही, आंबा गोड होता ना." वीसेक वर्षं मी दर उन्हाळ्यात हे सगळं घरी करतेय, साध्या डबल डोअर फ्रिजच्या फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमचं मशीन वगैरे काही नाही, आणि चांगलं होतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, फळ म्हणजे पाणी. कलिंगडात साधारण 92 टक्के, स्ट्रॉबेरीत 91, आणि आंबा एवढा दाट दिसतो तरी त्यातही 83 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. हे पाणी गोठलं की बर्फ होणार, त्याला इलाज नाही, आपल्या हातात एवढंच की तो बर्फ बारीक व्हावा आणि थोडं पाणी न गोठता मऊ राहावं. ते काम साखर करते. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं, आणि फ्रीजरच्या उणे 18 ला सुद्धा त्यातला थोडा भाग पाकासारखा पातळ राहतो, म्हणून तर चमचा आत जातो. साखर काढलीत की तो मऊपणाच गेला. हल्ली "नो शुगर मँगो कुल्फी" चे व्हिडिओ बघून लोक करायला घेतात आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण व्हिडिओत साच्यातून काढतानाच दाखवतात, खाताना नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीला नणंदेकडे नातवाचा वाढदिवस होता, मे महिना, ऊन मी म्हणत होतं. वन्संनी हौसेने कुल्फीसाठी चाळीस मातीची मटकी आणलेली, देवगडहून हापूसची पेटी मागवलेली, तीन लिटर दूध आदल्या दिवशी दोन तास ढवळत आटवलेलं. मी पोचले तेव्हा मिश्रण तयार होतं, बोट बुडवून चाखलं आणि म्हटलं, "वन्सं, साखर थोडी तरी घाला." त्या म्हणाल्या, "अगं, एवढा गोड आंबा, वर आणि साखर कशाला, पोरांच्या पोटात किती जाईल." मोठ्या आहेत, घर त्यांचं, मी गप्प बसले. तेव्हा गप्प बसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं गच्चीवर रांगेत मटकी घेऊन बसली. चमचा आत जाईना. एका स्टीलच्या चमच्याची मान वाकली, आणि एका मुलाने जोर लावला तर मटकीलाच तडा गेला आणि मातीची कपची कुल्फीत पडली, ती लगेच काढून घेतली आम्ही. मग पोरं वाट बघत बसली तर कडेने पाणी सुटलं आणि मधे गोळा तसाच घट्ट. चवही पाणचट, कारण गार पदार्थात जिभेला गोडी कमी कळते, मिश्रण चाखताना जे बरोबर गोड वाटतं ते गोठल्यावर फिकं लागतं. वन्संचा चेहरा उतरला तो माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. फ्रीजरमध्ये जी मटकी शिल्लक होती ती सगळी बाहेर काढली, सुरीने कडा सोडवून गोळे पातेल्यात घेतले, पूर्ण वितळायच्या आत मिक्सरला कंडेन्स्ड मिल्कचा दीड डबा घालून फिरवलं आणि परत भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी चाटूनपुसून खाल्ली.

माझं प्रमाण सांगते. एक लिटर फुल क्रीम दूध निम्मं होईपर्यंत आटवायचं, त्याला दोन कप हापूसचा घट्ट गर आणि 100 ते 120 ग्रॅम साखर, किंवा साखरेऐवजी अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क. चाखल्यावर "जरा जास्तच झालं" असं वाटलं की बरोबर. ज्यांना साखर नको त्यांना सरळ गार आंब्याच्या फोडी द्या, त्यात काही कमीपणा नाही, पण कुल्फीला कुल्फीसारखी होऊ द्या.

आणि गर दुधात घालताना दूध पूर्ण गार हवं. कोमट नाही, गार. आंब्याला आंबटपणा असतो, गरम दुधात पडला की दूध फाटतं. मी दूध रात्री आटवून फ्रिजमध्ये ठेवते आणि गर सकाळी घालते. लोकांना तेवढा धीर नसतो.

पायरीचा आंबा रसाला उत्तम, पण त्याचा रस पातळ, तो घ्यायचाच असेल तर आधी कढईत साखर घालून आटवा, कोकणात आटवून ठेवतात तसा. पाऊस पडून गेल्यावरचा आंबा तर मी कुल्फीला घेतच नाही.

आता कलिंगडाची कँडी. मुलं ओढून ओढून वरचा लाल रंग आणि गोडी शोषून घेतात आणि काडीला पांढरा बर्फ उरतो, बघितलंय ना? गोठताना आधी नुसतं पाणी गोठतं आणि रंग, साखर, चव मधल्या फटींत पाक होऊन राहते, ओठ लावला की तेवढीच बाहेर येते. फ्रीजर ठासून भरलेला असेल, सारखं दार उघडून "झाली का" बघत असाल तर गोठायला वेळ लागतो आणि बर्फाचे खडे मोठे होतात. मी एक लिटर गाळलेल्या रसाला 150 ग्रॅम साखर, एक लिंबू आणि चिमूट मीठ घालते, रस आधी फ्रिजमध्ये दोन तास गार करते, साचे फ्रीजरच्या तळाला टेकवून ठेवते आणि रात्रभर हात लावत नाही. लहान मुलांना सांगूनच ठेवायचं, उद्या मिळेल. कँडी नकोच असेल तर पसरट डब्यात ओता आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडा, चार-पाच वेळा केलं की छान भुसभुशीत होतं, ते मला कँडीपेक्षा आवडतं.

कोकमाची कँडी करताना आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरू नका. आगळात मीठ असतं, कँडी खारट होते आणि धड गोठतही नाही. अमृत कोकम, म्हणजे साखरेतला कोकमाचा पाक, तो घ्या. हे इतक्या वेळा सांगितलंय तरी दरवर्षी कोणीतरी बाटली न वाचता ओततंच.

अननस कच्चा दुधात घालू नका, दूध फाटतं आणि कडू होतं. साखर घालून पाच-सात मिनिटं उकळा, गार करा, मग घाला. पपईचंही तसंच. सीताफळाचा साठवलेला गर असेल तर त्याचं बरोबर उलट, तो तापवायचाच नाही, कडू होतो.

आइस्क्रीमसाठी टेट्रा पॅकमधलं 25 टक्के फॅटचं क्रीम फेटून फुगत नाही. तासभर बीटर फिरवलात तरी नाही. व्हिपिंग क्रीम वेगळं मिळतं ते आणा.

साचा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं, बोटाएवढी जागा ठेवा. काडी तासाभराने खोचा म्हणजे सरळ उभी राहते.

साचा सोडवायला उकळतं पाणी नको, नळाच्या पाण्याखाली दहा सेकंद पुरतात.

फ्रीजरमध्ये बांगडे असतील तर आइस्क्रीमला वास लागणारच, डब्यात मिश्रणाच्या पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म लावा आणि वर झाकण. नुसतं झाकण पुरत नाही.

ज्यांच्याकडे अजून आइस्क्रीमचा लाकडी पॉट आहे (बाहेर बर्फाची बादली, आत दुधाचा डबा, हाताने फिरवायचा) त्यांनी तो काढाच, हाताने फिरवलेल्या आइस्क्रीमची सर कशाला नाही, कारण सतत हलत राहिल्याने बर्फाचा खडा मोठा व्हायला वावच मिळत नाही. फक्त नुसता बर्फ भरून फिरवत बसू नका, खडेमीठ थरावर थर घाला, मिठाने बर्फ शून्याच्याही बराच खाली जातो, त्याशिवाय आतलं दूध गोठणार नाही. आणि खारं पाणी डब्याच्या झाकणाच्या खाली चार बोटं राहील इतकंच ठेवा, भोकातून काढत राहा. डबा उघडायच्या आधी झाकणाच्या कडेने ओलं फडकं दोनदा फिरवा, मगच झाकण उचला.